यंत्र कंपनीचे, वीज घराची

सोलापूरच्या भवानी पेठेत विजेचा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. ज्या पेठेत, आणि शेजारच्या जोडभावी पेठेत, पिढ्यान्‌पिढ्या मागावर चादरी आणि टॉवेल विणले गेले, तेथे मीटरचा आकडा हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. यंत्रमागाच्या मोटारीला किती वीज लागते, बाण्याचा धागा तुटून धोटा रिकामा फिरत राहिला तर किती पैसे वाया जातात, युनिटचा दर पन्नास पैशांनी वाढला तर एका चादरीमागे हातात काय उरते, हे येथील लहान कारखानदाराला आणि मागावरच्या कामगारालाही तोंडपाठ असते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की माग थांबत आणि माग थांबला की मजुरी थांबे. हा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांना विजेची किंमत पुस्तकातून समजून घेण्याची गरज उरली नाही.

अशा या पेठेतील घराघरांत गेल्या काही वर्षांत एक नवे यंत्र येऊन बसले आहे. भिंतीवर खिळ्याला टांगलेला किंवा दूरचित्रवाणी संचाच्या डोक्यावर ठेवलेला, दोन-चार शिंगांचा, हिरवे दिवे लुकलुकवणारा हा डबा म्हणजे इंटरनेटचा राउटर. त्याला चैन म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा ज्या घरात जाळे पोहोचले नव्हते त्या घरातील मुलांचे शिक्षणच बंद पडले. आज चादरीची मागणी भ्रमणध्वनीवर येते, नमुन्याची छायाचित्रे त्यावरूनच जातात, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि शिधापत्रिकेची पडताळणीही जाळ्यावरूनच होते. तेव्हा राउटर हे आता कष्टकऱ्यांच्या घरातील कामाचे साधन झाले आहे. परंतु मागाच्या मोटारीचा हिशेब ठेवणाऱ्या याच पेठेत, या डब्याला किती वीज लागते हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारले तरी उत्तर मिळेल अशी सोय कोणी केलेली नाही. प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या मुळाशी गेले की यंत्र कोणाचे, खर्च कोणाचा आणि निर्णय कोणाचा, हा जुनाच वाद नव्या वेषात समोर येतो.

प्रथम हिशेब पाहावा. घरगुती राउटर साधारणपणे ६ ते १२ वॉट वीज घेतो. दिव्याशी तुलना केली तर हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण दिवा संध्याकाळी लागतो आणि रात्री विझतो, पंखा उन्हाळ्यात फिरतो आणि थंडीत थांबतो. राउटर मात्र वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे २४ तास चालू असतो. १० वॉटचा डबा धरला तर दिवसाला २४० वॉट-तास, म्हणजे ७५ वॉटचा जुना छताचा पंखा तीन तासांहून अधिक वेळ फिरावा एवढी वीज त्यात जाते. वर्षाला हे प्रमाण ८७ युनिटांवर जाते. युनिटचा दर सात रुपये धरला तरी सहाशे रुपयांच्या वर खर्च झाला. मजुरीवर चालणाऱ्या घराला सहाशे रुपये म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आणि त्यातील मोठा भाग अशा वेळी जातो, जेव्हा घरातील सर्व माणसे झोपलेली असतात किंवा कामावर गेलेली असतात आणि जाळ्याचा वापर कोणीच करीत नसते.

आता हाच हिशेब देशाच्या पातळीवर मांडावा. तारेने जोडलेल्या ब्रॉडबँड जोडण्यांची संख्या भारतात चार कोटींच्या वर गेली आहे. प्रत्येक जोडणीमागे १० वॉटचा एक डबा धरला तर ४०० मेगावॉट इतका भार रात्रंदिवस अखंड राहतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचा प्रकल्प उभा आहे. त्याचे ६६० मेगावॉटचे दोन संच असून पहिला २०१७ साली आणि दुसरा २०१९ साली कार्यान्वित झाला. त्यातला एक संच वर्षभर सरासरी साठ टक्के भाराने चालवला तर जेवढी वीज निर्माण होईल, तेवढी देशातील घराघरांतल्या या डब्यांनाच लागते. यात टेलिफोन केंद्रांतील यंत्रे, मोबाईलचे मनोरे, केबलचालकांच्या खोल्यांतील सामग्री आणि नवी मुंबईत उभी राहिलेली प्रचंड माहितीकेंद्रे धरलेलीच नाहीत. क्षुल्लक वाटणारा वॉट कोट्यवधी घरांनी गुणला की तो क्षुल्लक राहत नाही.

सोलापूरला तर ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही शहराहून अधिक जवळची आहे. वीज कोळशापासून होते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ती पाण्यापासूनही होते, हे विसरले जाते. औष्णिक केंद्रात वाफ थंड करण्यासाठी पाणी लागते. नव्या संचांनी एका युनिटमागे जास्तीत जास्त ३ लिटर पाणी वापरावे, अशी मर्यादा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१८ साली घालून दिली. सोलापूरच्या प्रकल्पाला पाणी येते ते भीमेवरच्या उजनी धरणातून. त्याच उजनीतून सोलापूर शहर पाणी पिते, त्याच उजनीवर ऊस उभा राहतो आणि त्याच उजनीच्या पाण्यासाठी दर उन्हाळ्यात आंदोलने होतात. भवानी पेठेत महापालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र असूनही पेठेतील स्त्रियांना नळाचे पाणी काही दिवसांआड मिळते आणि त्या पाण्याची वेळ साधण्यासाठी मजुरीचा दिवस बुडवावा लागतो.

तेव्हा घरातील डबा पाणीही पितो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. चार कोटी डब्यांना वर्षाला ३५० कोटी युनिट वीज लागते. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची आहे. त्या हिश्शाला युनिटमागे ३ लिटर पाणी धरले तर वर्षाला सुमारे ७८८ कोटी लिटर पाणी या डब्यांच्या नावावर खर्ची पडते. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. माणशी रोज १३५ लिटर या प्रमाणाने एवढ्या शहराला दोन महिने पुरेल इतके हे पाणी आहे. शिवाय विजेच्या जाळ्यातील प्रत्येक युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. म्हणजे वर्षाला सुमारे २४ लाख टनांची भर पडते. हे सारे आकडे अर्थातच अंदाजाचे आहेत. डब्याची सरासरी वीज थोडी कमी-अधिक धरली तर ते त्या प्रमाणात बदलतील. पण त्यांचा आवाका बदलत नाही.

कोणी म्हणेल, भवानी पेठेतील घराने वाचवलेली वीज उजनीचेच पाणी वाचवील, हे कशावरून? आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तरही सोलापुरातच आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला जोडले गेले. तेव्हापासून देशाची वीज एकाच तालात धावते. कोठे जळणारा दिवा कोणत्या केंद्राच्या विजेवर जळतो, हे आता सांगता येत नाही. त्यामुळेच एका शहराने वाचवलेले युनिट सर्वांचे असते आणि एका शहराने वाया घालवलेल्या युनिटाचा भार कोणत्या तरी दुसऱ्या शहराच्या पाण्यावर आणि फुप्फुसांवर पडतो. सोलापूर हे या साखळीच्या दोन्ही टोकांना आहे. वीज वापरणारे तेच आणि विजेसाठी पाणी देणारेही तेच.

मग हा अपव्यय टाळता येतो की नाही? येतो, आणि तंत्रज्ञानाने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग यांनी २००३ सालीच एका निबंधात हा प्रश्न मांडला होता. इंटरनेटच्या यंत्रांना काम नसेल तेव्हा झोपवता का येऊ नये, असा त्यांचा साधा सवाल होता. जाळ्याच्या यंत्रांची खोड अशी, की माहितीची ये-जा असो वा नसो, त्यांचा वीजवापर जवळजवळ तेवढाच राहतो. दोन यंत्रांना जोडणाऱ्या तारेतून, काहीही पाठवायचे नसतानासुद्धा, ‘मी येथे आहे’ असे सांगणारे संकेत अखंड धावत असतात. मागाच्या भाषेत सांगायचे तर कांडीवर धागा नाही, कापड विणले जात नाही, पण धोटा आपला इकडून तिकडे आपटतोच आहे. २०१० साली जाळ्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये यावर उपाय आला. काम नसेल तेव्हा तारेची दोन्ही टोके डुलकी घेतात, ठराविक अंतराने एकदा डोळे उघडून संपर्क शाबूत असल्याची खातरजमा करतात आणि माहिती येताच क्षणार्धात जागी होतात. वापरणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही. राउटरमधील बिनतारी भागालाही अशाच रीतीने झोपवता येते. घरात एकच भ्रमणध्वनी जोडलेला असेल तर चारही अँटेना आणि दोन्ही लहरपट्टे चालू ठेवण्याचे कारण नाही.

रस्त्यावरच्या जाळ्यातही अशी सुधारणा झाली आहे. पूर्वीच्या तांब्याच्या केबलमध्ये संकेत थोड्या अंतरावर क्षीण होत आणि त्याला पुन्हा बळ देण्यासाठी गल्लीगल्लीत वीज खाणारे वर्धक बसवावे लागत. आजच्या काचतंतूच्या जाळ्यात केबलचालकाच्या खोलीतून निघालेला प्रकाश वाटेतल्या एका साध्या काचेच्या विभाजकातून बत्तीस वा चौसष्ट घरांत वाटला जातो आणि त्या विभाजकाला विजेची गरजच नसते. जाळे वेगवानही झाले आणि वाटेतली वीजही वाचली. तेव्हा प्रगती आणि काटकसर यांचे वैर आहे, हा समज खोटा आहे. जेथे वीजबिल कंपनीचे किंवा केबलचालकाचे होते, तेथे ही काटकसर झाली. पण जेथे बिल घरमालकाचे आहे, तेथे येऊन ती थबकली.

प्रश्नाचे मूळ नेमके येथे आहे. घरातील राउटर बहुधा कंपनीने दिलेला असतो. जोडणीबरोबर तो ‘मोफत’ मिळतो, अशी जाहिरात असते. कोणता डबा घ्यायचा हे कंपनी ठरवते; ती लाखोंच्या संख्येने खरेदी करते आणि प्रत्येक डब्यामागे दहा-वीस रुपये कसे वाचतील, एवढेच पाहते. चांगला अडॅप्टर आणि कमी वीज घेणारी चिप घातली तर डब्याची किंमत वाढेल. ती किंमत कंपनीला द्यावी लागेल, आणि त्यामुळे होणारी विजेची बचत मात्र भवानी पेठेतल्या कुटुंबाला मिळेल. मग कंपनीने ती झळ का सोसावी? उलट स्वस्त डबा दिला तर नफा कंपनीचा आणि त्यातून वाया जाणाऱ्या विजेचे बिल पुढची पाच-सात वर्षे ग्राहकाचे. अडॅप्टरला हात लावला की तो गरम लागतो. ती उष्णता म्हणजे ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली आणि कोणाच्याही उपयोगी न पडलेली वीज असते. ‘मोफत’ या शब्दाचा खरा अर्थ असा आहे. वस्तू एकदाच फुकट मिळते आणि तिचा खर्च रोज वसूल होतो.

वीज गेल्यावरही हाच प्रकार. राउटर चालू राहावा म्हणून घरात इन्व्हर्टर असतो. बॅटरीत १२ व्होल्टची एकदिश वीज असते. इन्व्हर्टर तिचे रूपांतर २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत करतो आणि मग राउटरचा अडॅप्टर तिला पुन्हा १२ व्होल्टची एकदिश वीज बनवतो. दोन रूपांतरे आणि दोन्ही वेळा गळती. डब्याला बॅटरीची वीज थेट देण्याची सोय आणि सर्व डब्यांना एकच प्रमाणित जोडणी ठेवली तर ही येरझार वाचेल. यात नवे संशोधन काहीच नाही. फक्त ते करण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

यावर सुशिक्षित मध्यमवर्गाचा एक ठरलेला उपदेश असतो. रात्री राउटर बंद करावा, म्हणजे पर्यावरण वाचेल. तसे करण्यात गैर काही नाही. रोज सात तास डबा बंद ठेवला तर वर्षाला २५ युनिटे वाचतात. पण हा उपदेश म्हणजे मालकाने सदोष यंत्र द्यावे आणि कामगाराने ते सांभाळून वापरावे, असे सांगण्यासारखे आहे. अनेक घरांत दूरध्वनी आणि कॅमेरा त्याच डब्यावर चालतो. डब्यातील सुधारणाही पुष्कळदा रात्रीच होतात. यंत्राने आपले आपण झोपावे अशी व्यवस्था शक्य असताना, माणसाने रोज उठून बटण दाबावे असे म्हणणे म्हणजे जबाबदारी वरून खाली ढकलणे होय. पर्यावरणाच्या प्रश्नात हे फार होते. उत्पादनाचे निर्णय मूठभर लोक घेतात आणि संयमाची शिकवण कोट्यवधींना दिली जाते.

म्हणून हा प्रश्न ग्राहकाच्या सद्‌बुद्धीवर सोडून सुटणार नाही; तो कायद्याने आणि सार्वजनिक खरेदीच्या बळावरच सोडवावा लागेल. युरोपीय संघाने हे करून दाखवले आहे. काम नसताना राउटरसारख्या यंत्राने किती वीज घ्यावी याची मर्यादा तेथे २०१५ पासून १२ वॉट आणि २०१७ पासून ८ वॉट अशी कायद्याने ठरली. मर्यादा ओलांडणारा माल तेथे विकता येत नाही. भारतातही ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा आहे, त्याखाली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आहे आणि फ्रीज, वातानुकूलक, दूरचित्रवाणी संच, छताचे पंखे यांवर ताऱ्यांची चिठ्ठी लावणे त्याने बंधनकारक केले आहे. मग चोवीस तास चालणाऱ्या राउटरलाच या शिस्तीतून मोकळीक कशासाठी? पंखा ग्राहक दुकानातून निवडून घेतो, म्हणून त्याला चिठ्ठीचा उपयोग होतो. राउटर तर निवडण्याचीही मुभा नसते. म्हणून तेथे चिठ्ठी पुरेशी नाही, कमाल मर्यादाच हवी.

सार्वजनिक खरेदीची ताकद किती असते, याचे उदाहरण फार जुने नाही. २०१४ साली एका एलईडी दिव्याचा खरेदीदर तीनशे रुपयांच्या घरात होता. सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकत्रित मागणी नोंदवली आणि २०१६ पर्यंत तो दर चाळीस रुपयांच्या खाली आला. त्यानंतर कष्टकऱ्यांच्या घरांतही पिवळा दिवा जाऊन एलईडी आला. तो काही उपदेशाने आला नाही. दर्जा सरकारने ठरवला आणि मागणी एकवटली म्हणून आला. ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडणाऱ्या भारतनेट योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली. शाळा, आरोग्यकेंद्रे, तहसील कचेऱ्या, टपाल कार्यालये सर्वत्र जाळ्याची यंत्रे सरकारी पैशानेच बसतात. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेसाठी देशातील पहिल्या वीस शहरांत महाराष्ट्रातून पुणे आणि सोलापूर यांची निवड झाली. अशा प्रत्येक योजनेच्या निविदेत यंत्राची केवळ किंमत न पाहता त्याच्या आयुष्यभराच्या विजेचा खर्चही धरला, तर कमी वीज घेणारे यंत्रच स्वस्त ठरेल आणि कारखान्यांना तेच बनवावे लागेल.

मात्र नुसता आदेश काढून भागत नाही, याचा धडाही दूरसंचार क्षेत्रानेच दिला आहे. मोबाईलच्या मनोऱ्यांवर डिझेल जळते, म्हणून २०१२ च्या जानेवारीत दूरसंचार विभागाने आदेश काढला. २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील निम्मे आणि शहरी भागातील वीस टक्के मनोरे अंशतः अपारंपरिक ऊर्जेवर चालावेत, असे त्यात म्हटले होते. मुदत उलटून गेली, आणि २०१७ साली नियामक प्राधिकरणाला त्याच विषयावर पुन्हा शिफारशी कराव्या लागल्या. ज्या आदेशामागे तपासणी नाही, दंड नाही आणि लोकांचा रेटा नाही, तो कागदावरच राहतो. महाराष्ट्रात तर धोरणाची दिशाच विचारात पाडणारी आहे. यंत्रमागधारक वीजदरातील सवलतीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढतात. आणि माहितीकेंद्रांना मात्र माहिती-तंत्रज्ञान धोरणातून विद्युत शुल्काची सूट सहज मिळते. सवलत द्यायला हरकत नाही. पण ज्या माहितीकेंद्राला ती मिळते, त्याने किती वीज आणि किती पाणी वापरले याचा हिशेब जनतेपुढे दरवर्षी मांडण्याची अट तरी असावी.

विजेइतकाच गंभीर प्रश्न कचऱ्याचा आहे. एका कंपनीचा राउटर दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर पुष्कळदा चालत नाही. तो चालू शकत नाही म्हणून नव्हे, तर त्याला कुलूप घातलेले असते म्हणून. ग्राहकाने कंपनी बदलली की धडधाकट डबा निकामी होतो. अडॅप्टर बिघडला तरी पुष्कळदा सगळा डबाच बदलला जातो. पुढे तो जातो भंगारात. पेठेपेठेतून हातगाडी घेऊन फिरणारा भंगारवाला हा या शहराचा खरा पुनर्वापर-कामगार आहे. पण तारा जाळून तांबे काढताना निघणारा विषारी धूर तोच श्वासात घेतो आणि कथलाच्या डागातले शिसे त्याच्याच हाताला लागते. भारतात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांनी यादीतील वस्तूंची संख्या एकवीसवरून शंभराच्या वर नेली आणि उत्पादकावर परत घेण्याची जबाबदारी टाकली. याच नियमांनी राज्य सरकारवर आणखी एक कर्तव्य सोपवले आहे. या कामातील मजुरांची नोंद करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि त्यांच्या आरोग्याची काळजी घ्यावी. उत्पादकाची जबाबदारी प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीने पार पडते. भंगारवाल्याची नोंद मात्र कोण करणार, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्याच्या हातून कचरा प्रत्यक्ष जातो, त्याला वगळून कोणतीही योजना हरित म्हणवून घेऊ शकत नाही.

या मागण्यांवर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की कडक मर्यादा घातली तर गल्लीतला लहान केबलचालक बुडेल आणि बाजार मोठ्या कंपन्यांच्या घशात जाईल. ही भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे मर्यादा विकणाऱ्यावर वा बसवणाऱ्यावर नव्हे, तर बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर घालणे. बाजारात वाईट माल आलाच नाही तर लहान माणसाला तो वापरल्याची शिक्षा होण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते, की इंजिने कमी कोळशात चालू लागली म्हणून कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. कारण स्वस्त झालेली शक्ती अधिक ठिकाणी वापरली गेली. जाळ्याच्या बाबतीतही तसे होऊ शकते. कमी विजेचा राउटर आला म्हणून घरात चार राउटर लागले तर मिळवलेले सारे वाहून जाईल. म्हणून कार्यक्षमता ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. कशासाठी किती जाळे, किती माहितीकेंद्रे आणि ती कोणाच्या पाण्यावर, हा निर्णय नफ्याच्या गणितावर न सोडता लोकांनी घ्यायचा विषय आहे.

डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा त्यांचा प्रश्न केवळ यंत्राच्या आकाराचा नव्हता. यंत्र माणसाच्या ताब्यात राहते की माणूस यंत्राच्या, हा त्यांचा प्रश्न होता. राउटर आकाराने लहानच आहे, पण घरात असूनही तो घराच्या ताब्यात नाही. त्यात काय बसवायचे, तो केव्हा झोपेल, किती वर्षे टिकेल आणि बिघडला तर कोण उघडील, हे सारे दूरच्या कचेरीत ठरते. हा ताबा परत मिळवण्याच्या मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक राउटरवर त्याचा वीजवापर मराठीत आणि ठळक छापला जावा. काम नसतानाच्या वीजवापराची मर्यादा कायद्याने ठरावी. ग्राहकाने कंपनी बदलली तरी डबा चालला पाहिजे आणि अडॅप्टर सर्वांचा सारखा असला पाहिजे. महापालिकेने आणि राज्य सरकारने आपल्या निविदांत विजेचा आयुष्यभराचा खर्च धरावा. जुना डबा परत घेण्याची व्यवस्था प्रत्येक पेठेत व्हावी आणि तीत भंगारवाल्याला मानाचे स्थान असावे.

आरंभ मात्र दिल्लीच्या अधिसूचनेची वाट न पाहता करता येण्यासारखा आहे. वालचंद तंत्रज्ञान संस्थेसारख्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी वीज मोजण्याचे साधे उपकरण घेऊन भवानी पेठेतील शंभर घरांत फिरावे, कोणत्या कंपनीचा कोणता डबा रात्री किती वीज घेतो याची यादी करावी आणि ती चौकाचौकांत लावावी. ऊर्जा दक्षता ब्युरोकडे आणि दूरसंचार नियामकाकडे ती यादी सह्यांनिशी पाठवावी. या शहराच्या कामगारांनी आणि नागरिकांनी १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉसमोर मान तुकवली नाही. एका डब्याचा हिशेब मागणे त्यांच्या वारसांना जड जाऊ नये. मागावरचा कामगार रिकाम्या धोट्याचा आवाज ऐकताच उठून मोटार बंद करतो. भिंतीवरच्या डब्याचा धोटा आवाज करीत नाही, एवढाच काय तो फरक. त्याचे बिल मात्र घरालाच येते आणि त्याचे पाणी उजनीतूनच जाते.